आधी महिना, मग दिशा, मग रस्ता: ऋतू पाहून सायकल सफरीचा मार्ग कसा ठरवायचा

वर्षातून दोनदा मला ठरलेले फोन येतात. मार्चच्या शेवटी कोणीतरी विचारतं, "मे महिन्यात सुट्टी आहे, किनाऱ्या-किनाऱ्याने गोव्यापर्यंत जाऊ का?" आणि जुलैत दुसरं कोणी, "ताम्हिणी घाटाने खाली उतरून वरंधा घाटाने वर येतो, कसं वाटतं?" फोन येतो तेव्हा रजा मंजूर झालेली असते, खोल्यांचे पैसे भरलेले असतात आणि सोबतचे तिघे नवे रेनकोट घेऊन बसलेले असतात. मग मी काहीही सांगितलं तरी उपयोग नसतो.

हे दोन्ही रस्ते सुंदर आहेत. घोळ होतो तो ठरवण्याच्या क्रमात. लोक आधी फोटो पाहून रस्ता निवडतात, मग सुट्टी पाहून तारखा लावतात आणि हवामान आदल्या रात्री मोबाइलवर बघतात. तेव्हा बदलण्यासारखं काही हातात उरलेलं नसतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. मी गृहीत धरलं आहे की सफर महाराष्ट्रात आहे, तीन ते आठ दिवसांची आहे, आणि कॅरिअरवर दहा-पंधरा किलो सामान आहे.

१. महिना पक्का करा आणि त्या महिन्यात काय टाळायचं ते लिहा

कागद घ्या, वर महिना लिहा. खाली तीन ओळी: ऊन, पाऊस, उजेड. प्रत्येक ओळीपुढे त्या महिन्यातली सर्वांत वाईट गोष्ट लिहा. सरासरी पाहू नका. सफर बिघडते ती एखाद्याच वाईट दुपारी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा आपल्याकडचा खरा सायकलचा हंगाम. राज्यात कुठेही जा. अडचण एवढीच की दिवस लहान असतो आणि देशावरची पहाट बोचते. निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. नाशिक-नगर भागात जानेवारीत सकाळी सहाला निघालात तर उतारावर बोटं इतकी बधिर होतात की ब्रेक नीट दाबले जात नाहीत. हातमोजे घ्या, नाहीतर सातनंतर निघा.

फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च फसवा असतो. ऊन अजून सोसतं, म्हणून लोक मराठवाडा-विदर्भाकडे निघतात, आणि नेमकी हीच गारपिटीची वेळ असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात गारपिटीने पिकांची काय दशा झाली ते आठवा. उघड्या माळावर सायकलस्वाराला गारांपासून आडोसा शोधावा लागतो, आणि मैलभर एक झाडही नसतं असे पट्टे तिकडे पुष्कळ आहेत.

एप्रिल-मे मध्ये विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा सोडून द्या. चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव इथे ४३ ते ४५ अंश ही मे महिन्यातली नेहमीची गोष्ट आहे. "पहाटे चालवू, दुपारी झोपू" हा बेत कागदावर चांगला दिसतो. पण झोपायला गार जागा मिळाली नाही तर तिसऱ्या दिवशी शरीर दमलेलं असतं आणि अजून तीन दिवस बाकी असतात. या दोन महिन्यांत मी दोन-तीन दिवसांपेक्षा मोठी सफर आखत नाही. देशावर दुपारनंतर वळीव येतो, आणि तो एकटा येत नाही, वीज आणि वावटळ घेऊन येतो.

मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा कोकण किनारा टाळा. अरबी समुद्रातल्या वादळांचा एक काळ हा आहे. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलं, निसर्ग ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दुसरा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. तेव्हा वादळ बहुधा समुद्रातच दूर जातं, पण पाऊस आणि खवळलेलं पाणी किनाऱ्यापर्यंत पोचतं.

जुलै-ऑगस्टबद्दल पुढच्या पायरीत सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात.

सप्टेंबरचा उत्तरार्ध ते दिवाळी: हिरवळ असते, धबधबे चालू असतात, पण परतीचा पाऊस मेघगर्जनेसह दुपारनंतर येतो, रस्त्यांची चाळण झालेली असते आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. मुंबईतून मोसमी पाऊस परत जाण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. हे सरासरीचं गणित आहे, हमी नव्हे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत थांबता आलं तर थांबा.

तपासा: कागदावर "सर्वांत वाईट गोष्ट" तीनही ओळींत लिहिली आहे ना? एखादी ओळ रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

२. पट्टा निवडा: पाऊस तीस किलोमीटरवर बदलतो

आपल्याकडे पाऊस जिल्ह्याच्या हद्दी पाळत नाही, सह्याद्रीचा कडा पाळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला पोचलात की त्याचा एक छोटा हिस्सा उरतो. आणखी पूर्वेला, दहिवडी-म्हसवडकडे, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकाच सातारा जिल्ह्यात, एकाच जुलैच्या दिवशी, एक सायकलस्वार ढगात हरवलेला असतो आणि दुसरा नुसत्या मळभाखाली आरामात चालवत असतो.

म्हणून पावसाळ्यातल्या सफरीसाठी नकाशावर एक उभी रेघ मारा. घाटमाथ्यापासून पूर्वेला चाळीस-पन्नास किलोमीटरवर. त्या रेघेच्या उजवीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश: सासवड, जेजुरी, बारामती, फलटण, शिखर शिंगणापूर, दहिवडी. उत्तरेकडे चांदवड-येवल्याचा भाग. जुलैमध्ये इथे हवा थंड असते, ऊन टोचत नाही, माळ हिरवे झालेले असतात आणि पाऊस आलाच तर सर येऊन जाते. मला विचाराल तर पावसाळी सफरीसाठी महाराष्ट्रातला सर्वांत चांगला आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. फोटोत धबधबे येत नाहीत, म्हणून कोणी जात नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, काळी माती. डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलात, किंवा रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या वळणरस्त्यावर आलात, की ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी भरते की वीस पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग काडी घेऊन खरवडत बसावं लागतं. पावसाळ्यात या भागात "मधला जवळचा रस्ता" धरू नका. दुसरी, आषाढी वारी. आळंदी आणि देहूहून पंढरपूरकडे जाणारे रस्ते त्या दिवसांत वारकऱ्यांचे असतात. पालख्यांचं वेळापत्रक आधी बघा आणि त्या दिवशी समांतर रस्ता घ्या.

रेघेच्या डावीकडे, म्हणजे घाट आणि कोकणात, जुलै-ऑगस्टमध्ये सामान लादून बहुदिवसीय सफर आखू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भिजण्याचा प्रश्न नाही. धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसत नाही, झाडाखालच्या वळणांवर शेवाळ असतं, आणि रिमब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला घासून लागणारे ब्रेक, असतील तर ओल्या रिमवर पहिला क्षणभर ब्रेक लागतच नाही. त्यात मागे पंधरा किलो. ताम्हिणीची हौस असेल तर सामान न घेता, पुण्याहून माथ्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत या.

सावधान: "गेल्या वर्षी याच तारखांना पाऊस नव्हता" हे कारण धरू नका. एखाद्या जुलैत आठ दिवस कोरडे जातात आणि दुसऱ्या वर्षी त्याच आठवड्यात दरडी कोसळतात. जुलै २०२१ मध्ये आंबेनळी आणि वरंधा या दोन्ही घाटांची काय अवस्था झाली ते त्या भागातल्या कोणालाही विचारा.

३. दिशा ठरवा: वारा कुठून येतो ते तारखेवरून कळतं

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. रस्ता तोच, अंतर तेच, चढ तेवढाच. पण उलट्या दिशेने गेलात तर तीच सफर दीड पट लांब वाटते. कारण साधं आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी १५ ने चालवताय आणि समोरून १५ चा वारा आहे, तर अंगावर ३० चा वारा येतो आणि अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पिशव्या, लावलेली सायकल तर वाऱ्याला आणखी रुंद छाती देते.

*कोकण किनारा, नोव्हेंबर ते मे.* शाळेत वाचलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो, तो त्रास देत नाही. अकराच्या सुमारास तो पडतो, मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि तीन-चारला जोरात असतो. आपल्या किनाऱ्यावर तो पश्चिमेकडून, बहुतेकदा वायव्येकडून येतो. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो. अलिबागहून मालवणकडे जा. मालवणहून अलिबागकडे येऊ नका.

माझी पहिली मोठी सफर मी उलटी केली होती. रत्नागिरीहून उत्तरेला, फेब्रुवारीत. वेळणेश्वर सोडून गुहागरकडे निघालो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, आलो आणि समोरून वारा असा लागला की सपाटीवरही वेग आठ-नऊच्या वर जाईना. रस्त्याकडेचं वाळलेलं गवत सगळं माझ्याकडे तोंड करून झुकलेलं होतं. ते गवत तेव्हा मला काय सांगत होतं ते मी वाचायला हवं होतं. धोपाव्याला जेट्टीवर पोचलो तोवर अंधार पडला होता आणि पुढचा मुक्काम दाभोळच्या पलीकडे ठरवलेला होता. तेव्हापासून मार्ग काढताना मी अंतराच्या आधी बाण काढतो.

*देश, जून ते सप्टेंबर.* मोसमी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून, दिवसरात्र. पुण्याहून सोलापूरकडे, साताऱ्याहून पंढरपूरकडे असं पूर्वेला जा आणि परत रेल्वेने या. जून-जुलैत सोलापूरहून पुण्याकडे सायकल चालवत येणं म्हणजे अडीचशे किलोमीटर कोणीतरी छातीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं.

*देश, डिसेंबर-जानेवारी.* वारा उलटतो, पूर्वेकडून-ईशान्येकडून येतो. तेवढा जोर नसतो, म्हणून फायदाही कमी. तरी निवड असेल तर आधी रेल्वेने पूर्वेला जा आणि सायकलवर पश्चिमेकडे घरी या. सायकल पार्सल करायची असेल तर पार्सल कार्यालयात गाडीच्या बरीच आधी पोचा, आणि ती तुमच्याच गाडीने येईल असं धरून चालू नका.

*मार्च ते मे, पश्चिम महाराष्ट्र.* दुपारी उशिरा पश्चिमेकडून वारा सुटतो. पूर्वेकडून पुण्यात शिरणाऱ्याला शेवटचे वीस किलोमीटर त्यामुळे जड जातात. दिवसाचा शेवट पूर्वेकडे तोंड करून होईल असा बघा.

वारा कुठे जास्त लागेल हे ओळखायची एक सोपी खूण आहे: पवनचक्क्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडी, पाटणकडे वनकुसवडे, धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल. पैसे घालून त्या तिथे उभ्या केल्या आहेत त्या वर्षभराचा वारा मोजूनच. तुमचा रस्ता त्या पठारांवरून जात असेल तर तो टप्पा सकाळी लवकर घ्या.

तपासा: नकाशावर प्रत्येक दिवसाच्या टप्प्यावर दोन बाण काढा, एक तुमचा, एक दुपारच्या वाऱ्याचा. ते सलग दोन दिवस समोरासमोर येत असतील तर सफर उलटी करा.

४. आधी तास मोजा, मग किलोमीटर

"रोज शंभर" हा आकडा हवामानाला काही विचारत नाही. त्याऐवजी त्या महिन्यात तुम्हाला चालवण्याजोगे तास किती मिळतात ते काढा.

डिसेंबरमध्ये मुंबईच्या रेखांशावर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. हातात अकरा तास. जेवण, चहा, पंक्चर, फोटो यांचे तीन वजा करा. अंधाराआधी एक तास मुक्कामी पोचायचं म्हणून तोही वजा. उरले सात. सामानासह सरासरी वेग ताशी १४ धरला तर ९८ किलोमीटर. ठीक आहे.

तेच एप्रिलच्या अखेरीला करा. दिवस तेरा तासांचा, पण उपयोगाचे तास पहाटे पावणेसहा ते साडेदहा, आणि फार तर संध्याकाळी पाच ते साडेसहा. एकूण सव्वासहा. चहा-पाण्याचा एक तास काढा, संध्याकाळी वेग मंदावतो तेही धरा. साठ-पासष्ट किलोमीटर झाले तरी पुष्कळ. पावसाळ्यात वेग १२ धरा आणि ढगाळ संध्याकाळ पाचलाच संपते असं समजा.

कोकणासाठी या आकड्यातून आणखी वीस टक्के काढा. किनाऱ्याचा रस्ता म्हटल्यावर लोकांना सपाट वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला खाली उतरायचं आणि पलीकडे सड्यावर चढायचं, दिवसातून चार-पाच वेळा. साठ किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या आसपास चढ सहज होतो.

सड्याबद्दल एक सांगायलाच हवं. जांभ्याचा उघडा कातळ, झाड नाही, सावली नाही. एप्रिलमध्ये पूर्णगडच्या पुढे मी साडेबाराला अशाच एका सड्यावर होतो. बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम, हँडलचं रबर हाताला चिकटत होतं. जांभ्याच्या चिऱ्यांचा एक एसटी थांबा होता, त्याच्या सावलीत एक कुत्रा आणि एक आजी बसल्या होत्या. आजींनी सरकून जागा दिली आणि म्हणाल्या, "ह्या टायमाला गुरं पण सोडत नाय आमी." चारपर्यंत तिथेच बसलो. तापमापी त्या दिवशी जेमतेम ३४ दाखवत असेल. किनाऱ्यावर आकडा लहान असतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणून कोकणातल्या ३४ ची तुलना देशावरच्या ३४ शी करू नका.

सावधान: उन्हात चालवताना अंगावर काटा आला, घाम थांबला, किंवा बोलताना शब्द अडखळले तर "पुढच्या गावापर्यंत" म्हणू नका. तिथेच सावली, अंगावर पाणी, आणि सोबत्याला दवाखान्याची सोय बघायला सांगा.

५. अडणाऱ्या जागांची यादी करा

प्रत्येक मार्गावर तीन-चार जागा अशा असतात की त्या बंद झाल्या तर सगळी सफर अडते. त्या ऋतूप्रमाणे बदलतात.

*घाट.* वरंधा पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने वेळोवेळी बंद असतो. आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, करूळ, भुईबावडा इथेही दरडी येतात. मोबाइलचा नकाशा रस्ता निळा दाखवतो म्हणजे तो उघडा आहे असं नाही. पायथ्याच्या गावातल्या एखाद्या हॉटेलात किंवा पोलीस ठाण्यात फोन करून विचारा.

*फेरीबोट.* किनाऱ्याचा मार्ग यांवर उभा आहे: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. एक चुकली तर खाडीच्या टोकापर्यंत आत जाऊन परत यावं लागतं, म्हणजे दिवस गेला. भरसमुद्रात वारा वाढला आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागला की फेऱ्या थांबतात. गेटवे ते मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात साधारण जून ते ऑगस्ट बंद असतात, तेव्हा मुंबईकरांची सुरुवातच बदलते. शेवटच्या फेरीवर विसंबून टप्पा आखू नका. तिच्या आधीच्या फेरीला पोचायचं असं धरा.

*ऊस.* याचा कोणी विचार करत नाही. कारखाने सुरू झाले की, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावतात. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा नाही. सायकलचा सर्वांत चांगला हंगाम आणि उसाचा हंगाम एकच आहे, म्हणून तिकडे अंधारात चालवायचंच नाही असा नियम करा. कारखान्याच्या गेटपासून पाच-सात किलोमीटरचा रस्ता शक्य असेल तर गावातून वळसा घालून टाळा.

*माणसांची गर्दी.* गणपतीच्या आधीचा आठवडा मुंबई-गोवा महामार्गावर जाऊ नका. शिमग्याला कोकणातल्या गावात खोली मिळणं अवघड. नाताळ ते नववर्ष अलिबाग ते गणपतीपुळे गाड्यांनी भरलेलं असतं. कासला फुलांच्या दिवसांत जायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी.

तपासा: यादीतल्या प्रत्येक जागेसमोर "बंद असेल तर काय" याचं उत्तर एका ओळीत लिहा.

६. सुटकेचे रस्ते आणि एक मोकळा दिवस

प्रत्येक मुक्कामावरून सायकल गाडीत टाकून घरी यायचा एक रस्ता हवा. कोकणात हे सोपं आहे, कारण किनाऱ्याला समांतर आत रेल्वे आहे: माणगाव, वीर, खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. किनाऱ्यावरून स्टेशनापर्यंतचा टप्पा चाळीस-पन्नास किलोमीटरचा आणि चढाचा असतो, तेव्हा गावातला छोटा टेम्पो ठरवता येईल का ते आधी विचारून ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुनी वेळ धरू नका. घाटमाथ्यावर आणि मेळघाटसारख्या जंगलभागात सुटकेचे रस्ते कमी. तिथे रोजचे टप्पे आणखी लहान ठेवा.

मोकळा दिवस शेवटी ठेवायचा नाही. शेवटी ठेवलेला दिवस घरी लवकर पोचण्यात जातो. तो सफरीच्या मध्याला, राहायला बरं आणि स्टेशन जवळ असलेल्या गावी ठेवा. पाच दिवसांना एक पुरे.

७. अंदाज चार वेळा बघा, प्रत्येक वेळी वेगळी गोष्ट

*सात दिवस आधी:* फक्त मोठं चित्र. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय का? उपसागरातला पट्टा जुलै-ऑगस्टमध्ये आधी विदर्भाला भिजवतो आणि मग पश्चिमेकडे सरकतो, घाटावरचा पाऊसही वाढतो. या टप्प्याला तासाप्रमाणे पावसाचा अंदाज देणारी ॲप उघडूच नका. सात दिवसांनंतरच्या दुपारी तीनला पाऊस पडेल की नाही हे कोणालाही सांगता येत नाही.

*तीन दिवस आधी:* हवामान विभागाचे जिल्हावार इशारे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. आकडेही लक्षात ठेवा: चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर "जोरदार", ११५.६ च्या वर "अति जोरदार", २०४.४ च्या पलीकडे "अत्यंत जोरदार". माझा नियम असा: पिवळा असेल तर घाट नाही, सपाटीवरचा टप्पा चालेल. नारिंगी असेल तर जिथे आहे तिथेच मुक्काम. लाल असेल तर निघायचंच नाही, आणि सफर सुरू असेल तर सुटकेचा रस्ता. इशारा पूर्ण जिल्ह्याला असतो, म्हणून पुणे किंवा सातारा जिल्ह्यात "फक्त घाट भागात" असे शब्द आहेत का ते वाचा. पूर्वेच्या तालुक्यांतून जाणाऱ्याला त्यामुळे उगाच घरी बसावं लागत नाही.

*आदली रात्र:* वाऱ्याची दिशा, पहाटेचं तापमान, आणि रडारचं ताजं चित्र. ढग कुठून कुठे सरकतायत ते सलग तीन-चार चित्रांत दिसतं.

*सकाळी निघताना:* बाहेर येऊन बघा. चहाच्या टपरीवर विचारा, "काल दुपारी काय झालं होतं?" एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये काल दुपारी वळीव पडला असेल तर आजही तसंच होण्याचा संभव मोठा असतो. त्या दिवशीचा टप्पा दोनच्या आत संपवा.

सावधान: चार ॲपपैकी जे तुमच्या मनासारखं सांगतं त्यावर विश्वास ठेवण्याचा मोह होतो. सफरीआधीच एक ठरवा आणि तेच पाळा. चौघे असाल तर "आज नको" म्हणायला एकाचं मत पुरे, हे निघण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

८. रस्त्यावर असताना बेत बदलायच्या खुणा

*वीज.* चमक दिसली की मोजायला लागा. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडखाली, पवनचक्कीखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या.

*पूल.* ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल आणि खालचा डांबर दिसत नसेल तर थांबा. घोट्याएवढं वाटणारं पाणी पॅनियरला धरून सायकल आडवी करतं. वरच्या भागात पाऊस थांबला असेल तर दोन-तीन तासांत फरशी मोकळी होते.

*समोरचा वारा.* दुपारी एकला ठरलेल्या अंतराच्या निम्मंही झालं नसेल तर जेवायला थांबाल तिथेच मुक्कामाची चौकशी करा. संध्याकाळी वारा पडेल आणि वेग भरून काढू, हा हिशोब फार कमी वेळा जमतो. किनाऱ्यावर तो पडतो तेव्हा सूर्यही पडलेला असतो.

रोज मुक्कामी पोचल्यावर पाच ओळी लिहा: सकाळी सात, दुपारी बारा आणि चारला झेंडे, धूर, गवत कोणत्या दिशेला होतं, पाऊस किती वाजता आला, कोणती फेरीबोट किती वाजता सुटली, पाणी कुठे मिळालं, कुठे नाही. माझ्याकडे अशा चार वह्या भरलेल्या आहेत. हेदवी-तवसाळ रस्त्यावर जानेवारीत वारा किती वाजता सुटतो हे कोणतंही ॲप मला सांगत नाही, दुसरी वही सांगते: पावणेबारा.